चौरस फुटांत मोजलेली गरिबी

एकाच ऑफिसात काम करणारे दोघे. एक विरारला गाडी पकडतो, दुसरा बोरिवलीला त्याच विरार लोकलमध्ये शिरायची धडपड करतो. पगार जवळपास सारखा. बोरिवलीकराकडे वडिलांच्या वेळचं चारशे चौरस फुटांचं घर आहे, त्यामुळे १ जानेवारी २०२२ पासून त्याची घरपट्टी पूर्ण माफ आहे. विरारकराला मुंबईत घर परवडलं नाही म्हणून त्याने खाडीपलीकडे तेवढंच घर घेतलं. मुंबईची माफी त्याला लागू नाही. बिल थकलं तर दरमहा दोन टक्क्यांचा दंडही त्याच्याच माथी. ज्याच्या ऐपतीने त्याला मुंबईबाहेर काढलं तो भरतो आणि ज्याला मुंबईत राहणं जमलं तो सुटतो, असा हा उफराटा हिशेब आहे.

यावर सगळ्या पक्षांचं उत्तर ठरलेलं असतं: मुंबईसारखी इथेही ५०० चौरस फुटांपर्यंत माफी द्या. मागणी गैर नाही, पण मूळ प्रश्न तिच्याहून मोठा आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला करात आधार द्यायचा, तर ते कुटुंब ओळखायचं कसं, निर्णय घ्यायचा कुणी आणि खड्डा भरायचा कुठून? महाराष्ट्रात गेल्या पंधरा वर्षांत घरपट्टीच्या सवलती भरपूर निघाल्या. बहुतेकींनी घर मोजलं, घरातली मिळकत कुणी फारशी विचारली नाही. वसई-विरारसारख्या शहरात हा फरक जास्त जाणवतो.

बिलाच्या पोटात काय असतं

आपण घरपट्टी म्हणतो तो एकच कर नसतो. त्यात सामान्य कर असतो, पाणी, मलप्रवाह आणि अग्निशमनाचे कर असतात, वृक्ष उपकर असतो. १९६२ च्या कायद्यानुसार घेतला जाणारा शिक्षण उपकर महापालिका फक्त गोळा करते, तो जातो राज्याकडे. अलीकडे अनेक शहरांत घनकचऱ्याचं उपभोक्ता शुल्कही याच बिलाला जोडलं जातं. म्हणून ‘सामान्य कर माफ’ आणि ‘घरपट्टी माफ’ या दोन घोषणांमध्ये बरंच अंतर आहे. मुंबईकरांनी ते अनुभवलं आहे. २०१७ च्या पालिका निवडणुकीत ५०० फुटांच्या माफीचं आश्वासन मिळालं, २०१९ मध्ये कायदा बदलला, पण माफ झाला तो फक्त सामान्य कर. बाकीच्या रकमांची बिलं येऊ लागली तेव्हा लोक चक्रावले. पूर्ण माफीसाठी २०२२ उजाडावं लागलं.

आकारणी कशी होते, हे एका काल्पनिक खोलीवर करून पाहू. नालासोपारा पूर्वेच्या चाळीत ३०० चौरस फुटांची खोली आहे आणि तिचं भाडं दरमहा फुटाला दोन रुपये धरलं आहे असं समजू. महिन्याचे ६०० रुपये, वर्षाचे ७,२००. दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा केले की करयोग्य मूल्य ६,४८० रुपये. सगळे कर मिळून चाळीस टक्के धरले, तर वर्षाचं बिल २,५९२ रुपये. वर्षभर थकलं की दोन टक्के महिन्याने ६२२ रुपये दंड चढतो. पगारदाराला ही रक्कम किरकोळ वाटेल. पण वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत रोजंदारी करणाऱ्याच्या किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या घरात ती शाळेच्या फीच्या किंवा गॅसच्या पैशांतूनच काढावी लागते.

या पद्धतीत एक जुनं वाकडेपण आहे. वार्षिक भाडेमूल्याच्या पद्धतीत घराची पहिली आकारणी ज्या वर्षी झाली, त्या वर्षीचा दर पुढे वर्षानुवर्षं चालत राहतो. नगरपरिषदांच्या कायद्यात निदान दर चार वर्षांनी फेरआकारणी सांगितलेली आहे, महापालिकांत ती लांबतच जाते. त्यामुळे तीस वर्षांपूर्वीच्या ऐसपैस फ्लॅटला फुटामागे जेवढा कर बसतो, त्याहून जास्त कर दहा वर्षांपूर्वीच्या चाळीतल्या खोलीला बसू शकतो. उशिरा आलेला माणूस बहुधा गरीब असतो आणि फुटामागे जास्तही तोच भरतो.

महापालिकांना भांडवली मूल्यावर कर लावण्याचा पर्यायही आहे. मुंबईने तो २०१० पासून स्वीकारला. बाजारभावाशी जोडलेल्या आकारणीने गिरगाव-दादरच्या लहान घरांवर बोजा पडेल, म्हणून ५०० फुटांपर्यंतच्या घरांची करवाढ पाच वर्षं रोखून धरण्यात आली. म्हणजे ५०० हा आकडा आधी आला तो महागड्या जागेतल्या लहान घराला सांभाळण्यासाठी. पुढे तोच गरिबीचं माप होऊन बसला आणि आता राज्यभर त्याच मापाची मागणी होते.

ठराव सभागृहाचा, किल्ली मंत्रालयात

मुंबई १८८८ च्या स्वतंत्र कायद्याखाली चालते. वसई-विरारला १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्यानुसार पुढच्या आर्थिक वर्षाचे करांचे दर महासभेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. सूट कुणाला, हेही कायद्यातच सांगितलं आहे. धार्मिक आणि धर्मादाय वापराच्या वास्तू सामान्य करातून सुटतात. कमी उत्पन्नाचं कुटुंब असा वर्ग त्या यादीत कुठेच नाही. त्यामुळे सभागृहाने कितीही टाळ्यांच्या गजरात माफीचा ठराव केला, तरी राज्याने होकार दिल्याशिवाय तो बिलावर उतरत नाही.

शेजारच्या शहरांचे अनुभव याचीच साक्ष देतात. ठाण्याला ५०० फुटांपर्यंतच्या घरांसाठी २०२२ मध्ये राज्याची मंजुरी मिळाली, पण सामान्य करापुरतीच. नवी मुंबईने २०१९ मध्ये ५०० फुटांपर्यंत माफी आणि त्यापुढच्या काही घरांना सवलत असा ठराव केला, तो मंत्रालयात अडकला. पुण्याची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. स्वतः राहणाऱ्या मालकाला करात ४० टक्के सवलत तिथे १९७० पासून होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, राज्याने जुना ठराव विखंडित केला आणि २०१९ पासून नव्या घरांची सवलत थांबली. अनेकांना फरकाची बिलं आली. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सवलत परत दिली, पण ज्यांची ती गेली होती त्यांना ‘पीटी-३’ नावाचा अर्ज भरून, सोबत राहण्याचा पुरावा जोडून ती मिळवावी लागली. घर एक, मालक तोच, राहणारेही तेच. पण ज्याच्यापर्यंत अर्जाची बातमी पोचली नाही, तो चाळीस टक्क्यांना मुकला. सवलत अर्जावर ठेवली की ती आधी कोणाच्या हाती लागते, हे पुण्याने दाखवून दिलं.

वसई-विरारची अडचण आणखी निराळी. ही महापालिका ३ जुलै २००९ रोजी वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि पन्नासहून अधिक गावं एकत्र करून बनली. पालघर जिल्हा त्यानंतर पाच वर्षांनी, १ ऑगस्ट २०१४ ला आला. २०१० आणि २०१५ अशा दोन निवडणुका झाल्या, जून २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली साडेपाच वर्षं महासभेचे अधिकार प्रशासकाच्या सहीत सामावलेले होते. कोरोनाने रोजगार गेले, टाळेबंदीत घरभाडी थकली, शेजारच्या मुंबईने माफी जाहीर केली, हे सगळं घडलं तेव्हा वसई-विरारच्या कराचं काय करायचं यावर भर सभेत भांडायला एकही नगरसेवक नव्हता.

माफीचे चार दरवाजे

राज्यात आज ज्या सवलती चालतात त्यांचे चार प्रकार पाडता येतात.

पहिला चौरस फुटांचा. मुंबईत सुमारे सोळा लाख घरांना याचा फायदा झाला, असं माफी जाहीर झाली तेव्हा सांगितलं गेलं. पालिकेला वर्षाला चारशे कोटींहून अधिक रकमेवर पाणी सोडावं लागलं. याचा मोठा गुण म्हणजे अर्ज नाही, दाखला नाही. क्षेत्रफळ संगणकात आहे, बिल आपोआप शून्यावर येतं. दोषही त्यातच आहे. गुंतवणूक म्हणून घेतलेला बंद फ्लॅट आणि आठ माणसांची खोली त्याला सारखीच दिसते.

दुसरा प्रकार वर्गाचा. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांना राज्याने २०२० च्या योजनेतून घरपट्टीत माफी दिली. पिंपरी-चिंचवडमध्ये केवळ महिलेच्या नावावर असलेल्या राहत्या घराला सामान्य करात सवलत मिळते, दिव्यांगांनाही मिळते. या सवलतींमागे सन्मानाची भावना आहे आणि ती योग्यच आहे. पण पेन्शन घेणारा निवृत्त अधिकारी आणि कर्ज फेडणारी विधवा यांच्यात त्या भेद करत नाहीत.

तिसरा थकबाकीचा, म्हणजे अभय योजना. मार्च जवळ आला की रिक्षावर भोंगा लावून घोषणा फिरते: अमुक तारखेपर्यंत भरा, दंडात इतके टक्के सूट. वसुली वाढते, तिजोरीत पैसा येतो. पण उधारउसनवार करून वेळेवर भरणाऱ्याला यात काही मिळत नाही, आणि दोन-तीन योजना पाहिल्या की शहाणा थकबाकीदार पुढच्या मार्चची वाट पाहायला शिकतो. लाखोंची थकबाकी असलेल्या गाळेवाल्याला या योजनेत जितकी सूट पडते, तितका चाळीतल्या खोलीचा पुऱ्या दशकाचा करही नसतो.

चौथा शास्तीचा, आणि वसई-विरारच्या गरिबाला खरा भिडणारा हाच. विनापरवाना बांधलेल्या घराला महापालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ प्रमाणे मूळ कराच्या दुप्पट शास्ती लावता येते. वरच्याच उदाहरणातल्या खोलीला ती लागली, तर २,५९२ चं बिल एकदम ७,७७६ होतं. राज्याने २०१७ मध्ये ६०० फुटांपर्यंतच्या निवासी घरांना यातून सोडवलं आणि त्यापुढच्यांसाठी टप्पे आखले. पिंपरी-चिंचवडची शास्ती २०२३ मध्ये पुसून टाकली. ही माफी गरजेची होती, कारण बांधकाम बेकायदा होतं ते बिल्डरचं आणि ते होऊ देणाऱ्यांचं. शास्ती भरत होता तो आयुष्याची पुंजी ओतून खोली घेणारा.

मात्र शास्ती गेली म्हणून घर अधिकृत होत नाही. कराची पावती हा मालकीचा किंवा परवानगीचा पुरावा नव्हे, हे कायदा वारंवार सांगतो. लोक तरीही पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात, कारण इथे राहिल्याचा दुसरा सरकारी कागद त्यांच्याकडे फारसा नसतो. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळून १७ जण दगावले. करमाफीची चर्चा करताना हे बाजूला ठेवता येत नाही. या शहरातल्या मोठ्या वर्गाची पहिली गरज बिल कमी होण्याची नाही, डोक्यावरचं छत टिकण्याची आहे.

रुळांच्या दोन बाजू

वसईत रेल्वेमार्ग ही अर्थव्यवस्थेचीही रेघ आहे. पूर्वेला संतोष भुवन, धानिव बाग, भोयदापाडा, पेल्हार, वालीव. इथे चाळी आणि उद्योगांचे गाळे एकमेकांना खेटून आहेत. पुष्कळशा खोल्यांत भाडेकरू राहतात. बिल मालकाच्या किंवा चाळ बांधणाऱ्याच्या नावावर, वसुली भाड्यातून. उद्या ५०० फुटांची माफी आली, तर ती मालकाच्या खात्यात जमा होईल. भाडं त्यामुळे कमी होईल, अशी आशा नालासोपाऱ्यात राहिलेला कुणी धरणार नाही.

पश्चिमेला गिरीज, भुईगाव, गास, निर्मळ, आगाशी. वाड्या, विहिरी, केळी आणि फुलांची शेती. इथली जुनी घरं ऐसपैस, ओटी-पडवी-माजघर मिळून हजार-दीड हजार फुटांच्या पुढे जाणारी. मुलं नोकरीला बाहेर, घरात एकटी म्हातारी. उत्पन्न म्हणजे थोडी फुलं, थोडी भाजी आणि मुलगा पाठवील ते. चौरस फुटांच्या मापात ही बाई श्रीमंत ठरते. महापालिकेत यायला या पट्ट्याने जो जोरदार विरोध केला, त्यामागे गावपण जाण्याच्या, हिरवा पट्टा जाण्याच्या भीतीबरोबर ग्रामपंचायतीच्या घरपट्टीवरून महापालिकेच्या घरपट्टीवर जाण्याची धास्तीही होती. २९ गावं वगळण्याची अधिसूचना २०११ मध्ये निघाली आणि वाद न्यायालयात वर्षानुवर्षं चालला. पुण्यात समाविष्ट गावांचा कर एकदम न चढवता दरवर्षी वीस टक्क्यांच्या पायऱ्यांनी वाढवण्याची तरतूद केली गेली. पण पायरी कितीही बुटकी केली तरी चढणाऱ्याची मिळकत विचारात येत नाही ती नाहीच.

म्हणजे ५०० फुटांचं माप वसईत दोन्हीकडे चुकतं. पूर्वेला लाभ गरिबाऐवजी घरमालकाला मिळतो, पश्चिमेला गरीब मालक मापाबाहेर पडतो. मधल्या मध्ये स्टेशनालगतच्या नव्या संकुलातला साडेचारशे फुटांचा दुसरा-तिसरा फ्लॅट मात्र अलगद सुटतो.

तिजोरीची बाजू

माफीला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा सरळ आहे: मुंबईकडे हजारो कोटींच्या ठेवी आहेत, वसई-विरारकडे नाहीत. जकात आणि स्थानिक संस्था कर गेल्यानंतर महापालिकांना राज्याकडून जीएसटीच्या भरपाईचं अनुदान मिळतं. स्वतःच्या हातात राहिलेला मोठा कर म्हणजे घरपट्टी. त्यात पंधराव्या वित्त आयोगाने अट घातली की शहरांना अनुदान हवं असेल तर राज्याने घरपट्टीचे किमान दर जाहीर करावेत आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगाने वाढावी. एका हाताने सरसकट माफी द्यायची आणि दुसऱ्या हाताने वसुली वाढवल्याचा दाखला दिल्लीला पाठवायचा, ही कसरत फार दिवस चालणारी नाही.

आणि कर बुडाला तर त्याची झळ कोणाला? २०११ च्या जनगणनेत बारा लाखांच्या घरात असलेलं हे शहर त्यानंतर फुगतच गेलं. पाण्यासाठी ते सूर्या, उसगाव, पेल्हारच्या धरणांवर जगतं. एमएमआरडीएच्या नव्या सूर्या योजनेतून त्याच्या वाट्याला दररोज १८.५ कोटी लिटर पाणी मंजूर आहे. पाणी आलं तरी ते शेवटच्या चाळीपर्यंत नेणारी जलवाहिनी महापालिकेलाच टाकायची असते. ती पडली नाही, तर चाळकरी टँकरवाल्याला पैसे मोजतो. घरपट्टीत हजार वाचले आणि टँकरमध्ये त्याच्या कितीतरी पट गेले, तर तो आधार कसला?

इतरांनी काय केलं

केरळने २०२३ मध्ये ६० चौरस मीटरपर्यंतच्या, मालक स्वतः राहत असलेल्या घरांना करातून वगळलं. मापाबरोबर ‘स्वतः राहणारा’ ही अट जोडल्याने गुंतवणुकीचे फ्लॅट बाहेर राहिले. दिल्लीत वसाहतींचे ‘ए’ ते ‘एच’ असे गट पाडून दर ठरवले जातात, त्यामुळे गरीब वसाहतीला फुटामागे मुळातच कमी कर बसतो.

इंग्लंडमध्ये कमी उत्पन्नाच्या घरांना कौन्सिल टॅक्समध्ये उत्पन्न पाहून सूट मिळते. एप्रिल २०१३ पासून केंद्राने ही योजना स्थानिक कौन्सिलांकडे सोपवली आणि सोबतचा निधी दहा टक्क्यांनी कापला. वृद्धांची सूट कायम ठेवण्याचं बंधन होतं, म्हणून कात्री लागली ती कमावत्या वयाच्या गरिबांना. अनेक कौन्सिलांनी आजवर काहीच न भरणाऱ्या कुटुंबांना थोडा तरी कर लावला, आणि त्या लहान लहान थकबाक्या वसूल करणं हेच मोठं काम होऊन बसलं. अधिकार खाली द्यायचा आणि पैसा वरच ठेवायचा, याचं हे फळ. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने १९६४ पासून वेगळी वाट धरली: कर उत्पन्नाच्या मानाने जड झाला की जादाचा भाग राज्य परत करतं, आणि भाड्याचा ठरावीक हिस्सा घरपट्टी धरून भाडेकरूलाही त्यात घेतं.

वसई-विरारला काय जमेल

उत्पन्न मोजायचं कसं, ही सबब आता फार टिकत नाही. पिवळं, केशरी, पांढरं असं शिधापत्रिकेचं वर्गीकरण घरोघर आहे. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा लावून राज्याने काही महिन्यांत कोट्यवधी खाती शोधली. या याद्यांत चुका आहेत, बोगस नावं आहेत. तरी क्षेत्रफळापेक्षा त्या गरिबाच्या जास्त जवळ जातात.

माझ्या मते सवलतीला दोन थर हवेत. पहिला आपोआप मिळणारा: मालक स्वतः राहत असलेल्या एकाच घराला सामान्य करात ठरावीक रुपयांची वजावट, टक्क्यांची नव्हे. दोन हजारांच्या बिलात हजार रुपये सुटले तर अर्धं ओझं उतरतं. वीस हजारांच्या बिलात तेच हजार नगण्य. दुसरा थर पिवळ्या-केशरी कार्डधारकांना, आणि त्यासाठी लोकांनी प्रभाग समितीच्या कार्यालयात रांग लावायची नाही. शिधापत्रिकेची यादी महापालिकेनेच मालमत्ता क्रमांकाशी जुळवून घ्यायची. गिरीजच्या म्हातारीसारख्या, घर मोठं आणि हात रिकामा अशा मालकांना कर पुढे ढकलण्याची मुभा द्यावी आणि घर विकलं किंवा वारसांच्या नावावर चढलं की तो बिनदंडाचा वसूल करावा. भाडेकरूपर्यंत घरपट्टीतून पोचता येत नाही हे मोकळेपणाने मान्य करून त्याच्या वाट्याचा पैसा चाळीच्या नळावर, गटारावर आणि दिव्यावर खर्च करावा. हे सगळं शास्तीच्या आणि अनधिकृत घरांच्या पुनर्वसनाच्या प्रश्नाला पर्याय नाही. ते काम राज्यालाच करावं लागेल.

पैसा उभा करायचा तर आकारणीतून निसटलेले गाळे, गोदामं आणि वाढीव बांधकामं आधी नोंदीवर आणावी लागतील. ते राजकीयदृष्ट्या अवघड आहे, कारण गाळेवाला नगरसेवकाच्या ओळखीचा असतो आणि चाळीतली बाई नसते.

साडेपाच वर्षांनी शहराला पुन्हा सभागृह मिळालं आहे. माफीचा ठराव तिथे आज ना उद्या येणारच. तो मांडणाऱ्याने २० फेब्रुवारीच्या आत तीन आकडे पटलावर ठेवावेत: किती घरं सुटतील, त्यातल्या किती घरांत मालक स्वतः राहतो आणि तूट कोणत्या लेखाशीर्षातून भरली जाईल. हे आकडे नसतील, तर नगरसेवकांनी तो ठराव परत पाठवावा, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.